टॉमस आल्वा एडिसन आणि त्यांची विजेची लेखणी

ज्यांचे वडील किंवा आजोबा विसाव्या शतकांत शाळेंत शिकले, त्यांच्या घरीं 'सायक्लोस्टाइल' हा शब्द अजूनहि ओळखीचा असेल. चांचणीची प्रश्नपत्रिका हातीं पडली कीं प्रथम तिच्या शाईचा वास यावा, अक्षरें कोठें फिकट तर कोठें भरलेलीं असावींत, आणि बोट फिरविल्यास बोटास काळें लागावें, असा तो काळ होता. छापखान्यांत न जातां, खिळे न जुळवितां, एका लिहिलेल्या कागदावरून शेंदोनशें प्रती काढण्याची ही युक्ति. १९४२ च्या चळवळींत भूमिगत कार्यकर्त्यांचीं पत्रकें रातोरात निघत तीं पुष्कळदां याच युक्तीनें. या युक्तीचें मूळ शोधीत मागें गेल्यास आपणांस एक चमत्कारिक हत्यार भेटतें. तें हातांत लेखणीप्रमाणें धरावयाचें, विजेवर चालणारें, आणि शाईऐवजीं सुई असलेलें होतें. तें ज्यांनीं बनविलें त्या टॉमस आल्वा एडिसन यांस जग विजेच्या दिव्यामुळें ओळखतें. दिव्याची कथा आपण सर्वांनीं पाठ्यपुस्तकांत वाचली आहे. म्हणून तिच्याविषयीं येथें थोडेंच लिहूं, आणि लेखणीविषयीं सविस्तर.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो संस्थानांत मिलान नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें इ. स. १८४७ च्या फेब्रुवारीच्या ११ तारखेस एडिसन यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते शेवटचे. १८५४ सालीं हें कुटुंब मिशिगन संस्थानांत पोर्ट ह्यूरन येथें राहावयास गेलें. लहानग्या आल्वाचें शाळेंतील शिक्षण अगदींच थोडें झालें. त्याची आई नॅन्सी ही लग्नापूर्वीं शिक्षिकेचें काम करीत असे. तिनें मुलास घरींच शिकविलें, आणि वाचनाची अशी गोडी लाविली कीं ती पुढें आयुष्यभर सुटली नाहीं. शिक्षणाचा हा मार्ग सर्वांस उपयोगी पडेल असें नाहीं. नॅन्सीबाईंसारखी आई घरीं असावयास हवी.

बारा वर्षांचा असतां आल्वा पोर्ट ह्यूरन ते डिट्रॉइट या आगगाडींत वर्तमानपत्रें, फळें व मिठाई विकूं लागला. सामानाच्या डब्याच्या एका कोपऱ्यांत त्यानें रसायनांच्या बाटल्या मांडल्या, व त्याच डब्यांत पुढें एक लहानसें छापण्याचें यंत्रहि आणून बसविलें. १८६२ सालीं, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षीं, तो धांवत्या गाडींत स्वतःचें साप्ताहिक छापून विकीत होता. त्याच वर्षीं एप्रिलांत यादवी युद्धांतील शायलो येथील मोठ्या लढाईची बातमी डिट्रॉइटला आली. आल्वानें काय करावें? त्यानें तारमास्तरांकडून ती बातमी पुढील स्टेशनांस कळविली, वर्तमानपत्राच्या कचेरींतून एक हजार प्रती उधारीवर मिळविल्या, आणि प्रत्येक स्टेशनावर वाट पाहत उभ्या असलेल्या लोकांस त्या चढत्या भावानें विकल्या. तारेनें गेलेल्या चार शब्दांनीं केवढी गर्दी जमते, हें त्यानें त्या दिवशीं प्रत्यक्ष पाहिलें.

याच सुमारास त्याच्या कानांस दोष जडला. त्याचीं कारणें निरनिराळीं सांगितलीं जातात, व एडिसन यांनीं स्वतःहि तीं नेहमीं एकच सांगितलीं नाहींत. एवढें खरें कीं पुढें त्यांस फारच कमी ऐकूं येऊं लागलें, आणि ज्या माणसास नीट ऐकूं येत नव्हतें त्यानेंच जगास ध्वनि टिपून ठेवणारें यंत्र दिलें.

१८६२ सालींच माउंट क्लेमेन्स या स्टेशनावर रुळांवर खेळणारें एक लहान मूल मालगाडीच्या डब्याखालीं सांपडणार, तोंच आल्वानें त्यास उचलून बाजूस घेतलें. तें मूल स्टेशनमास्तरांचें होतें. त्या गृहस्थांजवळ द्यावयास पैसा नव्हता. त्यांनीं मुलास तारायंत्राची विद्या शिकविली. त्यानंतर पांचसहा वर्षें एडिसन तारमास्तर म्हणून गांवोगांव हिंडले. रात्रपाळी ते मुद्दाम मागून घेत, कारण दिवस वाचनास व प्रयोगांस मोकळा राही. तारेनें येणारी वर्तमानपत्रांची मजकुराची धार कागदावर उतरवून घेणें हें त्यांचें काम. त्यासाठीं त्यांनीं स्वतःस एक निराळें अक्षर लावून घेतलें. तें उभें, सुटें, बारीक व वेलांटी-फांट्यांची मिजास नसलेलें असे, आणि लिहितांना वेळ कमी लागे. लिहिण्याचे श्रम काय असतात हें या माणसास पुस्तकांतून नव्हे तर बोटांतून ठाऊक होतें, ही गोष्ट पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावी.

१८६८ सालीं ते बोस्टन येथें आले. १८६९ च्या जून महिन्यांत त्यांस पहिलें पेटंट मिळालें, तें कायदेमंडळांतील मतें विजेनें मोजण्याच्या यंत्राचें. यंत्र उत्तम चालत होतें, पण तें कोणी घेतलें नाहीं. मतें झटपट मोजलीं जावींत अशी कायदेमंडळांतील सभासदांची इच्छाच नव्हती. विलंबांतच त्यांच्या पुष्कळशा खटपटींस वाव असे. ज्या वस्तूची लोकांस गरज नाहीं तिच्यामागें पुन्हा लागावयाचें नाहीं, असा त्या तरुणानें निश्चय केला. त्याच वर्षीं न्यू यॉर्क गांठून त्यांनीं शेअरबाजाराचे भाव छापणाऱ्या यंत्रांत सुधारणा केल्या, व लवकरच जवळच्या न्यूअर्क शहरांत स्वतःचे कारखाने काढले. १८७१ च्या नाताळच्या दिवशीं मेरी स्टिलवेल हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. पहिल्या दोन मुलांस ते लाडानें 'डॉट' व 'डॅश' म्हणत. म्हणजे तारेच्या भाषेंतील टिंब आणि रेघ.

आतां लेखणीकडे वळूं. १८७५ सालच्या कचेरीचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. टंकलेखनयंत्र नुकतेंच बाजारांत आलें होतें व फारच थोड्या ठिकाणीं दिसे. एखादें पत्रक पन्नास ठिकाणीं पाठवावयाचें असल्यास दोनच मार्ग होते. एक, छापखान्यांत देणें; त्यास खर्च व वेळ दोन्ही लागत. दुसरा, कारकुनास बसवून पन्नास वेळां तोच मजकूर लिहवून घेणें. वाफेच्या यंत्रानें प्रसिद्ध झालेले जेम्स वॉट यांनीं १७८० सालीं ओल्या पातळ कागदावर दाबून पत्राचा ठसा घेण्याची एक रीत काढली होती, व ती शंभर वर्षें कचेऱ्यांतून चालू होती. परंतु तिनें स्वतःच्या दप्तरासाठीं एखादी नक्कल मिळे, पन्नास नव्हे. तेव्हां नकला करणारा कारकून दिवसभर मान मोडून बसे. तेंच वाक्य, तोच मायना, तीच सही. चाळिसाव्या प्रतींत एखादा आंकडा चुकला तर दोष त्याचा.

एडिसन त्या दिवसांत शीघ्र तारायंत्रावर काम करीत होते. त्यांत संदेश प्रथम कागदाच्या लांब फितीवर भोंकांच्या रूपानें उठवीत, व ती फीत यंत्रांतून वेगानें ओढीत. कागदास नेमकीं व स्वच्छ भोंकें कशीं पाडावींत या विषयांत त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा हात बसलेला होता. १८७५ च्या उन्हाळ्यांत ते व चार्ल्स बॅचेलर नांवाचे त्यांचे कुशल इंग्रज सहकारी नकला काढण्याच्या प्रश्नामागें लागले, आणि भोंकांचीच विद्या येथें कामास आली.

कल्पना आपल्याकडील गृहिणींस तत्काळ समजेल. रांगोळीचा छाप म्हणजे भोंकें पाडलेला कागद किंवा पत्रा; वरून रांगोळी फिरविली कीं खालीं जमिनीवर नक्षी उमटते. भरतकामासाठीं कापडावर वेलबुट्टी उतरावयाची असली म्हणजे कागदावरील नक्षीच्या रेघेवर सुईनें जवळजवळ टोचे मारतात, व वरून नीळ किंवा भुकटी चोळतात. एडिसन यांनीं अक्षरांच्या बाबतींत हेंच करावयाचें ठरविलें. अडचण एवढीच कीं हातानें टोचे मारीत एक पत्र लिहावयाचें म्हटलें तर दिवस जाईल. टोचे मारण्याचें काम विजेकडे सोंपवावें व हातानें केवळ लिहीत जावें, हा त्यांचा शोध.

ती लेखणी अशी होती. नळीसारखा एक पोकळ दांडा, व त्याच्या आंत एक बारीक लांब सुई. दांड्याच्या माथ्यावर एक इवलेसें विजेचें एंजिन, म्हणजे ज्यास आज आपण मोटर म्हणतों तें. त्यांत तारेचीं दोन वेटोळीं व त्यांच्यासमोर फिरणारें एक लहान चक्र होतें. विजेचा प्रवाह वेटोळ्यांतून गेला कीं तीं लोहचुंबक बनत व चक्रास ओढीत. प्रवाह नेमक्या क्षणीं तुटे, चक्र आपल्या वेगानें पुढें जाई, पुन्हा प्रवाह जुळे. चक्राच्या आंसावर एक उंचवटेदार तुकडा बसविलेला असे. तो फिरतांना सुईस खालीं-वर ढकली. अशा रीतीनें सुई सेकंदास सुमारें पन्नास वेळां नळीच्या टोंकांतून किंचित् बाहेर येऊन आंत जाई. लिहिणारानें टिपकागदावर एक चांगला कागद पसरावा आणि नेहमींप्रमाणें लिहीत जावें. कागदावर शाई नाहीं, रेघ नाहीं. पण उजेडासमोर धरला तर प्रत्येक अक्षर ताऱ्यांच्या ओळीसारखें चमकून दिसे. हा छिद्रांचा कागद मग एका चौकटींत बसवीत, खालीं कोरा कागद ठेवीत, आणि वरून शाईचा रूळ फिरवीत. छिद्रांतून शाई झिरपून खालीं अक्षर उमटे. चौकट उचलावी, कागद बदलावा, पुन्हा रूळ फिरवावा. एका छिद्रांकित कागदावरून हजारों प्रती निघतात असा विक्रेत्यांचा दावा होता. शेंकडों निघत यांत संशय नाहीं. आणि विशेष हें कीं त्या प्रतींत लिहिणाराचें स्वतःचें हस्ताक्षर, त्याची सही, त्यानें काढलेलें चित्र, सर्व जसेंच्या तसें उतरे.

१८७६ च्या ८ ऑगस्ट रोजीं या योजनेचें अमेरिकन पेटंट मिळालें. त्याचा क्रमांक १,८०,८५७. त्याच वर्षीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचें भव्य प्रदर्शन भरलें होतें, त्यांत ही लेखणी मांडलेली होती. ज्या प्रदर्शनांत बेल यांचा टेलिफोन लोकांनीं प्रथम पाहिला, तेंच हें. लेखणी, रुळाची चौकट, शाई व बॅटरी मिळून संचाची किंमत ३० डॉलर ठेवली होती. विक्री चांगली झाली. विमा कंपन्या, रेल्वेच्या कचेऱ्या, वकील, सरकारी खातीं यांनीं ती घेतली. समुद्रापलीकडे इंग्लंडांतहि ती गेली, आणि ॲलिसची अद्भुत कथा लिहिणारे लुई कॅरल यांच्या मेजावरहि ती होती. विजेच्या मोटरीवर चालणारीं व लोकांनीं विकत घेऊन रोज वापरलेलीं जीं अगदीं पहिलीं यंत्रें, त्यांत या लेखणीची गणना होते. रस्त्यांत विजेचा दिवा नव्हता, घरांत पंखा नव्हता. अशा वेळीं कारकुनाच्या मुठींत विजेची मोटर फिरत होती. १८७५ च्या जानेवारींतच मिशिगनमधील जॉर्ज ग्रीन यांस दांत कोरण्याच्या विजेच्या हत्याराचें पेटंट मिळालें होतें, हेंहि नमूद केलें पाहिजे. एकच कल्पना एकाच काळीं अनेकांच्या मनांत येते, असें शोधांच्या इतिहासांत वारंवार दिसतें.

मग ही लेखणी टिकली कां नाहीं? दोष सुईंत नव्हता. वीज कोठून आणावयाची, हा प्रश्न होता. भिंतींतून वीज येण्याचे दिवस अजून दूर होते. लेखणीबरोबर कांचेच्या दोन बरण्यांची बॅटरी येई. त्यांत आम्लाचें द्रावण, व त्यांत जस्ताच्या व कोळशाच्या पट्ट्या. काम संपतांच पट्ट्या वर उचलून ठेवावयाच्या, नाहीं तर जस्त व्यर्थ झिजे. द्रावण बदलावयाचें, पट्ट्या पुसावयाच्या, सांध्यांस गंज चढूं द्यावयाचा नाहीं. तारायंत्राच्या माणसांस हें रोजचें काम होतें, आणि एडिसन यांस त्यांत कांहींच विशेष वाटलें नसेल. परंतु कचेरींतील कारकुनाच्या हातून तें होईना. आम्ल सांडे, बॅटरी थंड पडे, आणि ती महागाची लेखणी कपाटांत जाऊन बसे. शिवाय माथ्यावर मोटर असलेली ती लेखणी उभी धरावी लागे, व ती हातांत थरथरे. ज्याच्या अक्षरांस वळणदार फांटे होते त्यास ती मानवली नाहीं. मतें मोजण्याचें यंत्र पडलें तें लोकांस नको होतें म्हणून. लेखणी लोकांस हवी होती, पण तिचें ओझें सांभाळण्याची त्यांची तयारी नव्हती. या दोहोंतील भेद ज्यास यंत्रविद्येंत पडावयाचें आहे त्यानें नीट पाहावा.

१८८० च्या सुमारास वीज न लागणाऱ्या स्वस्त युक्त्या निघाल्या. हंगेरींत जन्मलेले डेव्हिड गेस्टेटनर यांनीं लंडन येथें १८८१ सालीं टोंकास लहान दांतेरी चाक असलेली लेखणी काढली. मेणकागदावर लिहीत गेलें कीं चाकाचे दांत छिद्रें पाडीत. हेंच मूळचें सायक्लोस्टाइल. एडिसन यांनीं स्वतःहि १८८० सालीं एक सोपी रीत नोंदविली होती. तींत कागदाखालीं बारीक खांचांचा पोलादी पत्रा ठेवावयाचा व वरून साध्या बोथट टोंकानें लिहावयाचें, म्हणजे खालून छिद्रें पडत. शिकागो येथें आल्बर्ट ब्लेक डिक नांवाचे लांकडाचे व्यापारी होते. मालाच्या चौकशीचीं पत्रें रोज अनेकांस लिहून ते कंटाळले होते, व स्वतः असेंच कांहीं शोधीत होते. त्यांनीं १८८७ सालीं एडिसन यांच्या पेटंटांचे हक्क घेतले, आणि यंत्रास 'मिमिओग्राफ' असें नांव देऊन एडिसन यांच्या नांवानिशीं तें विकलें. पुढें जवळजवळ शंभर वर्षें शाळा, कचेऱ्या व संस्था यांचें काम या घराण्यांतील यंत्रांवर चाललें. विजेची मोटर गळाली, सुई गळाली, छिद्रांचा कागद तेवढा राहिला.

आणि सुईचें काय झालें? तीहि वायां गेली नाहीं, मात्र ती भलत्याच ठिकाणीं पोंचली. न्यू यॉर्कमधील सॅम्युएल ओरायली नांवाच्या गोंदणाराच्या ध्यानांत आलें कीं जी सुई कागदास टोचते ती कातडीसहि टोचूं शकेल. त्यानें एडिसन यांच्या लेखणीच्या धर्तीवर, शाई धरण्याची सोय करून, गोंदण्याचें विजेचें यंत्र केलें व १८९१ च्या ८ डिसेंबरास त्याचें पेटंट मिळविलें. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या गोंदणाऱ्या बाया हातांतील सुयांनीं कपाळावर व मनगटावर तुळस, चंद्र, नांव गोंदीत आल्या. त्याच कामासाठीं आज जत्रेंत जें घुंघुं करणारें यंत्र दिसतें, त्याचें कूळ या कचेरींतील लेखणीपर्यंत जाऊन पोंचतें. कारकुनाचे श्रम वांचावेत म्हणून केलेली वस्तु जत्रेंत जाऊन बसेल, हें तिच्या कर्त्याच्या स्वप्नींहि आलें नसेल.

एडिसन यांचें लक्ष तोंवर केव्हांच पुढें गेलें होतें. १८७६ च्या वसंतांत त्यांनीं न्यू जर्सींतील मेन्लो पार्क या खेड्यांत शोध लावणें हाच जिचा उद्योग अशी प्रयोगशाळा उभारली. १८७७ च्या अखेरीस तेथें फोनोग्राफ बोलला. त्यांतहि एक टोंकदार काडी होतीच. फरक इतकाच कीं ती विजेनें नव्हे तर आवाजाच्या कंपानें हालत होती व कथलाच्या पातळ पत्र्यावर खळगे उठवीत होती. १८७९ च्या ऑक्टोबरांत कापसाच्या दोऱ्याचा कोळसा केलेली तार निर्वात कांचेंत तासांमागून तास जळत राहिली. ३१ डिसेंबरास लोकांनीं मेन्लो पार्कचे दिवे पाहिले. आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजीं न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील विद्युत्‌गृह सुरू होऊन घरोघर वीज जाऊं लागली. लेखणीस जें हवें होतें तें असें आलें, पण लेखणी मोडीत निघाल्यावर.

या यशाची किंमत घरच्या माणसांनींहि दिली, हें लिहिल्यावांचून चरित्र पुरें होणार नाहीं. एडिसन रात्रीमागून रात्री प्रयोगशाळेंतच काढीत, बाकावर हाताची उशी करून निजत. मेरीबाई १८८४ च्या ऑगस्टांत ऐन तारुण्यांत वारल्या. लहान तीन मुलें मागें राहिलीं. १८८६ सालीं मीना मिलर यांच्याशीं त्यांचा दुसरा विवाह झाला, व पुढच्या वर्षीं वेस्ट ऑरेंज येथें पहिल्यापेक्षां कितीतरी मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. त्यांच्या हट्टाचेंहि एक उदाहरण सांगितलें पाहिजे. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाची पद्धत दूरवर वीज नेण्यास अधिक सोयीची होती. तरी त्यांनीं ती प्राणघातक आहे असा मोठा गवगवा केला, आणि तें सिद्ध करण्यासाठीं मुक्या जनावरांस विजेनें मारण्याचे प्रयोग आपल्या प्रयोगशाळेंत होऊं दिले. वाद ते हरले. आणि तो भाग त्यांच्या कीर्तीस शोभणारा नाहीं. पुढें लोखंडाची माती चुंबकानें निवडण्याच्या कारखान्यांत त्यांचें अपार धन बुडालें, तेंहि त्यांनीं पचविलें.

एडिसन यांच्या नांवावर १,०९३ अमेरिकन पेटंटें आहेत. हीं सर्व एकट्याच्या हातचीं, असें मात्र समजूं नये. बॅचेलर यांच्यासारखे हात व डोळे त्यांस लाभले नसते तर पुष्कळशा कल्पना वहींतच राहिल्या असत्या. ती सुई नळींत अडकूं नये इतक्या नाजुक कामास बॅचेलर यांचीच बोटें लागत. एडिसन यांचा विशेष असा कीं एक वस्तु फसली म्हणजे तिच्यांतील कोणता भाग चांगला होता तें ते विसरत नसत. लेखणीची मोटर सोडली, पण छिद्रांचा कागद त्यांनीं सोडला नाहीं.

१९३१ च्या १८ ऑक्टोबर रोजीं वेस्ट ऑरेंज येथें वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. तीन दिवसांनीं, अंत्यविधीच्या संध्याकाळीं, अमेरिकेंत ठिकठिकाणीं लोकांनीं क्षणभर दिवे मंद केले. त्यांचे मित्र हेन्री फोर्ड यांनीं डिअरबॉर्न येथें मेन्लो पार्कची प्रयोगशाळा पुन्हा उभारून १९२९ सालींच जपून ठेविली होती. फोर्ड यांच्या त्याच संग्रहांत ती विजेची लेखणीहि आहे, माथ्यावर इवलेसें चक्र असलेली.